जीभ टाळूला पोचत नाही, तर टाळू खाली आणता येते

पत्र : आम्ही कोपरखैरण्याला राहतो. आमचे मालक तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, टोळीचे मुकादम. वय ५१. मागच्या वर्षी जिभेचा कॅन्सर निघाला. डाव्या बाजूची अर्धी जीभ काढली, हाताचं मांस घेऊन तिथे जोडलं, नंतर शेक (रेडिएशन) दिले. शेक संपून सात-आठ महिने झाले, डॉक्टर म्हणतात आता आजार नाही. पण बोललेलं कळत नाही. ‘बटाटा’ म्हणाले तर ‘बआआ’ ऐकू येतं. सात गोण्या आणि साठ गोण्या दोन्ही सारखंच. त्यामुळे मार्केटला जायचं सोडलं. जेवायला तास लागतो, घास टाळूला चिकटून बसतो, मग बोटाने काढतात, म्हणून आमच्या पंगतीला बसत नाहीत. पाणी पिताना ठसका लागतो. फोन आला की मीच बोलते. चेकअपला डॉक्टरांनी टाळूला बसवायची प्लेट करून घ्या असं लिहून दिलंय. गल्लीतला दाताचा डॉक्टर म्हणतो, माप द्या, चार दिवसांत कवळीसारखी करून देतो. माझ्या नणंदेच्या शेजारणीला अशीच प्लेट बसवली तर ती त्याच दिवशी स्वच्छ बोलायला लागली म्हणे. दीर म्हणतात, हे सगळे पैसे काढायचे धंदे. आणि हे पाटीवर लिहून दाखवतात, ‘आता बोलून काय करायचंय.’ काय करावं?

— एक वाचक भगिनी, कोपरखैरणे

उत्तर :

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. प्लेट करून घ्या. मात्र चार दिवसांत देतो म्हणणाऱ्याकडून नको. आणि प्लेटच्याही आधी त्या ठसक्याचं बघा, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात.

श्वासनलिका आणि अन्ननलिका घशात एकमेकींना खेटून असतात. गिळताना श्वासनलिकेचं तोंड क्षणभर मिटतं आणि नेमक्या त्याच क्षणी जीभ घास मागे ढकलते. अर्धी जीभ गेली की हा मेळ बिघडतो. पाणी तोंडात धरून ठेवता येत नाही, ते वाट न बघता मागे घसरतं, श्वासाची वाट उघडी असतानाच. ठसका लागतो म्हणजे शरीर ते परत बाहेर फेकतंय. तो लागतोय तोवर निदान कळतं तरी. शेक घेतलेल्या काही जणांच्या घशाची जाणीव मंदावते. पाणी फुफ्फुसाकडे जातं आणि ठसका येतच नाही. म्हणून उद्या ठसका कमी झाला तर ‘चला, बरं वाटतंय’ असं धरून चालू नका. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता येतो का, मधूनच कारणाशिवाय ताप येतो का, वजन उतरतंय का, हे बघा. ताप आणि खोकला एकदम आला तर थांबू नका, न्यूमोनिया असू शकतो.

ह्यासाठी गिळण्याची तपासणी असते. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं औषध) मिसळलेलं पाणी, थोडं घट्ट काही आणि बिस्किटाचा तुकडा गिळायला देतात आणि त्या वेळी एक्स-रेवर चालतं चित्र घेतात. पाणी कुठे घसरतं, घास कुठे अडतो, सगळं पडद्यावर दिसतं. काही ठिकाणी नाकातून बारीक दुर्बीण घालून बघतात. तुमच्या कॅन्सर डॉक्टरांकडे ‘गिळण्याची तपासणी लिहून द्या’ एवढंच म्हणा, त्यांना कळेल. प्लेट तयार झाल्यावर हीच तपासणी पुन्हा प्लेट घालून करता आली तर उत्तम. फरक पडला की नाही ते मग कुणाच्या सांगण्यावर राहत नाही.

तोवर ताठ बसून जेवण, लहान घोट, घास तोंडात असताना बोलायचं नाही आणि जेवणानंतर तोंड अगदी स्वच्छ. अस्वच्छ तोंडातली लाळ फुफ्फुसात गेली तर त्रास जास्त होतो. मान खाली घालून गिळा, वर करून गिळा असे सल्ले तुम्हाला दहा जण देतील. एकाला जे चालतं ते दुसऱ्याला धोक्याचं ठरू शकतं, त्यामुळे तपासणी होईपर्यंत कुणाचं ऐकू नका.

आता नणंदेची शेजारीण. त्यांचा किस्सा खोटा नसेल, पण त्यांचा आजार वेगळा असणार. वरच्या जबड्याचा किंवा टाळूचा भाग काढला की तोंड आणि नाक ह्यांच्यामध्ये भोक पडतं. चहा नाकातून येतो, बोलणं गेंगाणं होतं. ते भोक बुजवणारी जी प्लेट असते तिला ऑब्ट्युरेटर म्हणतात. ती नीट बसली की गळती थांबते आणि जीभ शाबूत असल्यामुळे माणूस खरोखर तिथल्या तिथे बोलू लागतो. बघणाऱ्याला चमत्कार वाटतो. आणखी एका प्रकारची प्लेट असते, तिला मागे शेपटी असते. मऊ टाळू लुळी पडली की ती उचलून धरण्यासाठी, पक्षाघातानंतर वगैरे. तुमच्या यजमानांची टाळू धडधाकट आहे, उणीव जिभेत आहे. त्यामुळे त्यांची प्लेट निराळी, तिचं काम निराळं आणि तिच्याकडून अपेक्षाही निराळी ठेवायला हवी.

शाळेतली वर्णमाला आठवा. क, च, ट, त, प. ही ओळ तोंडातल्या जागेप्रमाणे लावली आहे, घशाकडून ओठांकडे. क म्हणताना जिभेचा मागचा भाग वर जातो. च ला मधला भाग टाळूला लागतो. ट ला शेंडा मागे वळून वर टेकतो, त ला दातांना टेकतो. आणि प, फ, ब, भ, म? तिथे जिभेचं काही कामच नाही, ओठ पुरतात. म्हणून तुम्हाला बटाट्यातला ब ऐकू येतो आणि दोन्ही ट गायब होतात. सात आणि साठचंही तेच. त दातांपाशी, ठ त्याच्या मागे. शेंडा दोन्हीकडे पोचला नाही तर ऐकणाऱ्याला फरक कळणार कुठून? मुकादमाच्या हिशेबात मात्र तो ५३ गोण्यांचा फरक.

जोडलेलं मांस जागा भरून काढतं, पण स्वतःहून हलत नाही. शेकानंतर ते थोडं आक्रसतंही. हलते ती उरलेली उजवी बाजू, आणि ती एकटी वरपर्यंत पोचत नाही. खोलीत हात छताला लागत नसेल तर स्टूल घ्यायचं, आणि स्टूल घेता येत नसेल तर छतच खाली घ्यायचं. इथे दुसरा मार्ग आहे. वरच्या दातांना तारेच्या कड्यांनी धरून ठेवलेली अ‍ॅक्रिलिकची प्लेट, टाळूच्या बाजूने मुद्दाम जाड केलेली. उरलेली जीभ तिला टेकते, हवा अडते, ट उमटतो. घासाचंही तसंच. जीभ आणि टाळू ह्यांच्यामधल्या ज्या पोकळीत भात चिकटून बसायचा ती पोकळीच राहत नाही, जिभेला दाबायला वर काहीतरी मिळतं आणि घास मागे सरकतो.

कल्पना नवी नाही. दंतवैद्यकाच्या शास्त्रीय नियतकालिकात अशा प्लेटबद्दल १९६९ सालीच लिहून आलं आहे. आपला माथाडी कायदाही त्याच सालचा. यजमानांना सांगा, त्यांना गंमत वाटेल.

आता गल्लीतल्या डॉक्टरांचं. ते प्रामाणिकच असतील, पण ‘माप द्या, चार दिवसांत देतो’ ह्यातच सगळी गडबड आहे. टाळूचं माप घेऊन कवळी होते. ही प्लेट मात्र कुठे किती जाड हवी हे टाळूचं माप सांगत नाही, ते यजमानांची जीभ सांगते, आणि तीही हलताना. स्पीच थेरपिस्ट म्हणून मी अशा बैठकांना बसत आले आहे, त्यात काय चालतं ते सांगते.

आधी एक साधी पातळ प्लेट करून दातांना बसवतात. पुढच्या खेपेला तिच्यावर एक मऊ, पिठासारखा मसाला लावतात, प्लेट तोंडात घालतात आणि मग पेशंटला कामाला लावतात. घोटभर पाणी गिळा. पुन्हा गिळा. आता म्हणा टाटा, काका, दादा, नाना. मसाला मऊ असल्याने जीभ त्यात स्वतःचा ठसा उमटवते. प्लेट बाहेर काढून बघितली की जीभ जिथे टेकली तिथे गुळगुळीत, दाबलेलं दिसतं, जिथे पोचलीच नाही तिथे मसाला जसाच्या तसा. कधी मसाल्याऐवजी पांढरी पेस्ट लावतात. जीभ लागली तिथली पुसली जाते. जिथे पोचत नाही तिथे आणखी भर, जिथे घासते तिथे कमी. तुमच्याकडे डावी बाजू गेलीय, तेव्हा डावीकडे जास्त जाड व्हायची शक्यता. आणि स साठी मधोमध एक बारीक पन्हळ सोडावी लागते, नाहीतर वारा निसटायला वाटच उरत नाही आणि ट कमावताना स गमावतो. तशी मऊ प्लेट काही दिवस घरी वापरायला देतात, जेवा, बोला, कुठे टोचतं ते सांगा. सगळं जमलं असं वाटलं की मग तोच आकार कडक अ‍ॅक्रिलिकमध्ये.

ह्या बैठकीला दाताचा डॉक्टर एकटा असून भागत नाही. शेजारी स्पीच थेरपिस्ट हवाच, कारण ट उमटला का, क पुरता उमटला का, हे ऐकायला सरावलेला कान लागतो. आणि शब्दही पेशंटच्या कामातले हवेत. ठाण्यातल्या एका रिक्षावाल्या दादांना सुरुवातीला आम्ही छापील यादी वाचायला दिली, त्यात ‘तलवार’ आणि ‘टरबूज’ होते. त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि खुणेने रस्ता दाखवला. मग तीन हात नाका, टेंभी नाका, कापूरबावडी, नितीन कंपनी अशी यादी केली. तीन हात नाका म्हणजे त आणि न ची कसोटीच! प्लेटच्या पुढच्या कडेला मसाल्याचा पातळसा थर चढवला आणि ‘तीन’ सुटा ऐकू आला. ‘टेंभी’ला आणखी बरेच दिवस लागले. तुमच्या यजमानांनी टोळीतल्या माणसांची नावं, आकडे आणि मालाची नावं अशी यादी स्वतःच लिहून न्यावी. पाटी हातात आहेच.

काही जणांना बोलण्यासाठी एक आणि जेवणासाठी दुसरी अशा दोन प्लेट लागतात. दोन्ही कामांना सोयीचा आकार दर वेळी एकच निघत नाही. डॉक्टरांनी तसं सुचवलं तर फसवतायत असं समजू नका.

पूर्वीसारखं बोलतील का? नाही. हे आत्ताच स्वच्छ सांगते, म्हणजे नंतर कुणी कुणाला बोल लावणार नाही. गेलेली जीभ प्लेट परत आणत नाही, उरलेलीला जोर देते. घरातल्यांना कळणारं बोलणं गाळ्यावरच्या परक्या माणसालाही कळू लागलं, तासाचं जेवण अर्ध्या तासावर आलं आणि टाळूत बोट घालावं लागलं नाही, तर प्लेट कामाला आली म्हणायचं. एवढं घडलं तरी पंगतीला परत बसता येतं. ते घडेलच अशी हमी मात्र मीही देत नाही. उरलेली जीभ किती हलते ह्यावर बरंच अवलंबून आहे आणि ते तिला बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

पहिले काही दिवस उलट वाईट वाटेल. तोंड भरल्यासारखं होतं, लाळ सुटते, उमासा येतो, बोलणं आधीपेक्षाही बोबडं होतं. इथेच कित्येक प्लेट डबीत जातात. थोडा-थोडा वेळ वाढवत न्यायचा असतो आणि सोबत स्पीच थेरपी चालू ठेवायची असते. नुसती प्लेट घालून गप्प बसलेल्या माणसाचं बोलणं सुधारत नाही.

जायच्या आधी घरीच एक गोष्ट बघा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये यजमानांची स्वतःची बोटं एकावर एक उभी किती मावतात? तीन मावली तर छान. दोनही मावत नसतील तर मापाचा ट्रेच आत जाणार नाही, प्लेट घालणं-काढणं दूरच. शेकानंतर जबडा आवळतो, तंबाखू-सुपारीने आधीच आवळलेला असतो. अशा वेळी आधी तोंड उघडण्याचे व्यायाम; लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला देतात आणि हळूहळू एकेक काडी वाढवतात. ते शिकवून घ्या, घरी जोर लावून जबडा ताणू नका.

दुसरं, आणि हे फारच महत्त्वाचं. शेक झालेल्या जबड्यातला दात कुणालाही सहजासहजी काढू देऊ नका. शेकानंतर हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, दात काढलेली जखम कधी कधी भरतच नाही आणि हाड मरू लागतं. हा धोका वर्षानुवर्षं राहतो. कुठल्याही दाताच्या खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य ‘शेक झालेत’ हे. शिवाय वरचे दात हीच प्लेटची खुंटी, ते जपायला हवेत. वरचे दातच नसतील तर पूर्ण कवळी करून तिच्यातच ही जाडी देता येते, पण पकड तितकी राहत नाही.

शेकामुळे तोंड कोरडं असेल तर प्लेट घासून फोड येऊ शकतो. टोचलं की दाखवायचं, कानशीने घरी घासायचं नाही. आणि दोन आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम, मग ती प्लेटमुळे आली असं कितीही वाटो, कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायची. प्लेटची निगा कवळीसारखीच: मऊ ब्रश, साबण, साधं पाणी. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. रात्री काढून पाण्यात.

कुठे जायचं? शस्त्रक्रिया जिथे झाली तिथे सर्वात आधी विचारा. परळच्या टाटा रुग्णालयात दात आणि प्रोस्थेसिस (कृत्रिम अवयव) ह्यांचा वेगळा विभाग आहे. तुमच्या हाताशी डेंटल कॉलेजंही भरपूर आहेत: नेरूळ, सीबीडी बेलापूर, खारघर, कामोठे. ठाणे-पनवेल लोकल कोपरखैरण्याहून थेट मिळते. तिथे प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कृत्रिम दात-कवळ्यांचा विभाग विचारायचा, आणि त्यातही कॅन्सरनंतरच्या पेशंटचं काम करणारे कोण ते. कॉलेजात खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो, खेपा जास्त होतात. स्पीच थेरपीसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था केंद्र सरकारची आहे. जिथे जाल तिथे तोंडावर विचारा: जीभ काढलेल्या पेशंटची प्लेट आधी केली आहे का, बैठकीला स्पीच थेरपिस्ट असेल का, आणि नंतरच्या दुरुस्त्या ह्याच पैशात का वेगळ्या. तिसऱ्या प्रश्नाला लोक लाजतात. लाजू नका, खरं काम त्या दुरुस्त्यांमध्येच असतं.

दिरांना हेच सांगा. प्लेटचं अ‍ॅक्रिलिक कवळीचंच असतं, ते काही सोन्याचं नाही. पैसे जातात ते खुर्चीतल्या तासांचे. कुणी अवाच्या सवा रक्कम सांगितली तर लेखी मागा आणि दुसरीकडे दाखवा. त्यांचा संशय अगदीच वाया जायला नको, अशा वेळी तो उपयोगी पडतो. माथाडी मंडळाकडून औषधपाण्याला काय मिळतं ते यजमानांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, रुग्णालयातल्या समाजसेवकांकडेही विचारा.

राहिले यजमान. ‘आता बोलून काय करायचंय’ ह्यावर वाद घालू नका. ज्याच्या एका हाकेवर टोळी उठायची तो माणूस सात-साठमध्ये अडकला, त्याने असं लिहिणं मला तरी विचित्र वाटत नाही. ‘प्लेट लावली की पूर्वीसारखं बोलाल’ असं आमिष तर मुळीच दाखवू नका, ते खोटं आहे आणि पहिल्याच आठवड्यात उघडं पडेल. ठसक्यासाठी चला म्हणा. ते खरंही आहे आणि त्यात त्यांना कमीपणाही नाही. तपासणीच्या वेळी प्लेटचा विषय डॉक्टरच काढतील. झोप उडालीय, जेवण सोडलंय, कशातच लक्ष नाही असं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. ह्या आजारानंतर मन खचतं आणि त्यावर उपचार आहेत.

आणि फोन. तुम्ही प्रेमानेच घेता, पण तुम्ही जितकं बोलाल तितकी त्यांची उरलेली जीभ आळसावेल. परक्यांचे फोन सध्या तुम्हीच घ्या. घरच्यांचे, मुलांचे, गावाकडच्या भावाचे त्यांना घेऊ द्या. शब्द अडला तर पुरा करून देऊ नका, थांबा. दुसऱ्यांदा सांगूनही कळलं नाही तर ‘कळलं’ म्हणून मान डोलावू नका, पाटी पुढे करा. खोटी मान त्यांना लगेच कळते.

पहिल्या भेटीला शस्त्रक्रियेचा कागद, शेक कुठल्या भागाला आणि किती दिले त्याचा कागद आणि चालू औषधं घेऊन जा. शेकाचा कागद घरात सापडत नसेल तर आत्ताच रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज द्या. दाताचे डॉक्टर तो बघितल्याशिवाय पुढे जाणार नाहीत, आणि जाऊही नये.